पथनाट्याच्या तालमी सुरू केल्यापासून शरीर जरा जास्तच 'ऐकू' येतंय, असं होतं का?

कोपऱ्यातली_खुर्ची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, थोडक्यात विचारला तर कुणीतरी 'डॉक्टरांना दाखवा' म्हणेल आणि विषय तिथंच संपेल, म्हणून सगळंच सांगते.

वय ३६, काम अकाउंट्सचं, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. दोनेक वर्षांपूर्वी पॅनिक अटॅक यायला लागले होते, औषधं घेतली, काउन्सेलिंग झालं, मग डॉक्टरांनीच औषधं हळूहळू कमी करत बंद केली, त्यालाही आता आठ महिने झाले. बरी आहे. चार महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीच्या नादानं पथनाट्याच्या ग्रुपमध्ये जायला लागले. मला वाटलेलं घोषणा पाठ करायच्या आणि गोलात उभं राहून ओरडायच्या, झालं. पण पहिला दीड महिना हातात संवादाची एक ओळसुद्धा दिली नाही. नुसतं चालायचं. सगळी जागा भरून चालायचं, टाळी वाजली की आहे तिथं थांबायचं आणि न हलता बघायचं की वजन कुठल्या पायावर आहे, दातावर दात दाबलेत का, श्वास चालू आहे का धरलाय. माझा धरलेला. दर वेळी धरलेला!

आणि मग एक दिवस ऑफिसात एक मेल उघडला, नेहमीचाच, अर्जंट वगैरे लिहिलेला, आणि एकदम जाणवलं की इथंही श्वास धरलाय, खांदे कानाला टेकायला आलेत आणि बुटाच्या आत डाव्या पायाचा अंगठा आवळून धरलाय. अंगठा! किती वर्षं आवळून बसलेय कुणास ठाऊक. त्या दिवसापासून मान दुखायची बरीच कमी झालीये कारण आता लक्षात येतं आणि सोडून देता येतं. झोपही सुधारली.

आता दुसरी बाजू. रात्री आडवी झाले की हृदयाचे ठोके ऐकू येतात, पूर्वी येत नव्हते, आणि मग डोक्यात सुरू होतं की हे परत तेच येतंय का. आणि दुसरं म्हणजे आमच्या नाटकात एक सीन आहे, साहेब सगळ्यांसमोर एका बाईला झापतो, ती बाई मी. मान खाली घालून हळूहळू गुडघ्यांवर येते. करताना काहीच होत नाही, उलट सगळे म्हणतात भारी झालं. पण मागच्या आठवड्यात घरी येऊन बाथरूममध्ये अर्धा तास रडले, कशासाठी ते मलाच कळेना, आणि दुसरा पूर्ण दिवस रिकामा रिकामा गेला.

हे काहीतरी मोकळं होतंय का बिघडतंय? चालू ठेवू का थांबवू? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

---

गोलातला_जुना

ताई, बावीस वर्षं रस्त्यावर नाटक करतोय, मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे माझं बोलणं त्या मापानंच घ्या.

पहिली गोष्ट, तुमच्या ग्रुपनं दीड महिना ओळ दिली नाही म्हणजे शिकवणारा माणूस जाणता आहे. स्टेजवर तुम्हाला तीन बाजू झाकायला मिळतात, विंगेत पळता येतं, लाइट मदतीला असतो. रस्त्यावर लोक चारी बाजूंनी असतात. म्हणजे तुम्ही समोर बघून बोलताय तेव्हा अर्धे लोक तुमची पाठ बघतायत आणि त्यांनाही नाटक कळलं पाहिजे. त्यामुळे पाठीला काम लावावं लागतं, आणि पाठीचा पत्ता आपल्याला आयुष्यभर नसतो. मला सरांनी एकदा भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, आता रागावलेला माणूस दाखव, फक्त पाठीनं. दहा मिनिटं मी नुसता खांदे वरखाली करत होतो, बाकीचे हसत होते. मग कधीतरी राग कमरेच्या वरच्या पट्ट्यात सापडला. तिथं तो असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बंगालचे नाटककार बादल सरकार, त्यांनी सत्तरच्या दशकात मंच, सेट, दिवे सगळं सोडून दिलं आणि माणसाचं शरीर हेच सामान धरलं, त्यांच्या वर्कशॉपमध्ये बोलण्याआधी शरीर. आणि ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक औगुस्तो बोआल, त्यांचं म्हणणं तर तुमच्या अंगठ्याला अगदी चपखल बसतं. ते म्हणायचे की माणूस जे काम रोज करतो ते काम त्याच्या स्नायूंवर साचतं, टायपिस्टचं शरीर वेगळं आखडतं, गोदामातल्या हमालाचं वेगळं, पहारेकऱ्याचं वेगळं, आणि नाटक करायच्या आधी हे आखडलेपण कुठं आहे ते सापडलं पाहिजे, नाहीतर तुम्ही राजा करा नाहीतर भिकारी, दोन्ही टायपिस्टसारखेच चालतील. त्यांचा एक खेळ आहे, उलटी शर्यत, जो शेवटी पोचेल तो जिंकला, पण अट अशी की एक क्षणही थांबायचं नाही, हलत राहायचं, पाऊल जमेल तितकं लांब आणि गुडघ्याच्या वर उचलून टाकायचं. करून बघा. चार पावलांत मांड्या थरथरतात आणि तोल कुठल्या बोटावरून कुठं जातो ते लख्ख कळतं, मोबाइल, कर्ज, साहेब सगळं डोक्यातून जातं कारण जागाच उरत नाही.

आवाजाचंही तसंच. उघड्यावर भिंती नाहीत, आवाज परत येत नाही, अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. नवीन माणूस घाबरतो आणि गळ्यातून ओरडतो, दोन प्रयोगांत घसा बसतो. मग शिकवावं लागतं की श्वास खाली घे, बरगड्या बाजूला उघड, आणि लांब सोडत सोडत बोल. त्यामुळे आपोआप उच्छ्वास लांब होतो, आणि लांब उच्छ्वासात ठोके मंदावतात, हे मला फार नंतर एका डॉक्टर प्रेक्षकानं सांगितलं. आम्ही आपले फक्त मागच्या रांगेपर्यंत पोचायला करत होतो.

आता रडण्याचं. प्रयोगानंतरची खाली घसरण खरी असते. तीस जणांच्या मध्ये ओरडून, धावून, टाळ्या घेऊन घरी जाता आणि घर एकदम गप्प असतं. आम्ही त्याला उतरण म्हणतो. माझी बायको पूर्वी विचारायची काय झालं, आता विचारत नाही, गप्प बसू देते. पण तुमचं मला नुसतं उतरण वाटत नाही. एक विचारतो, रागावू नका, तालीम संपल्यावर तुम्ही ती बाई तिथंच सोडता का घरी घेऊन येता? म्हणजे सीन झाल्यावर काही करता का बाहेर यायला?

---

सांधेदुखी_नको

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून फक्त शरीरापुरतं. आपल्याला डोळे मिटूनही हात कुठं आहे ते कळतं ते स्नायू आणि सांध्यांमधल्या संवेदनांमुळे, त्यात आतल्या कानाचं तोल सांभाळणं मिळवा. घरी सोपं बघण्यासारखं म्हणजे पाय जुळवून उभं राहायचं, बाजूला कुणीतरी धरायला ठेवायचं आणि डोळे मिटायचे. शरीर थोडं डोलतं, तळपायाचे स्नायू सारखे बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात. ते डोलणं म्हणजे बिघाड नाही, तोल असाच राखला जातो. तालमीत टाळीवर थांबायला लावतात तिथं तुम्ही नेमकं हेच लक्षात घ्यायला शिकताय.

पण गुडघ्यांवर रोज पडायचं असेल तर प्लीज नी पॅड घाला, पथनाट्यवाले डांबरावर नाचतात आणि पंचेचाळिशीत माझ्याकडे येतात. वॉर्मअप न करता उड्या नकोत. नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणं ठीक, पण सांध्यात टोचत असेल, सूज असेल तर थांबायचं. आणि घसा बसलेला तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान नाक घसावाल्यांना दाखवा, हळदीवर भागवू नका.

---

भर_चौकात

मी वेगळंच सांगते. बाई म्हणून रस्त्यावर उभं राहणं ही ट्रेनिंगच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला माझं शरीर बाहेरून कसं दिसतं हे बारा वर्षांची असल्यापासून पाठ होतं, कुठं ओढणी सरकली, कुठं वाकले तर काय दिसेल, कोण बघतंय. आतून कसं आहे ते विचाराल तर शून्य. भूक लागली तरी तीन तासांनी कळायचं.

पहिल्या प्रयोगात पाय फाकवून, कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं होतं, फक्त तेवढंच, पोलिसाचा रोल होता. मला येईना. गुडघे आपोआप जवळ यायचे. दिग्दर्शक काही बोलला नाही, त्यानं खडूनं जमिनीवर दोन फुल्या मारल्या, पाय इथं ठेव म्हणाला. फुल्यांवर उभी राहिले आणि पोटात काहीतरी ढिलं पडलं. आता ऑफिसच्या लिफ्टमध्येही मी फुल्यांवर उभी असते, दिसत नाहीत एवढंच.

मागून शेरे येतात, अजूनही येतात. पण गोलात आपले सहा जण आहेत हे पाठीला माहीत असतं. एकटीनं ऐकलेला शेरा आणि ह्या शेऱ्यात फरक आहे.

---

मधलीसुट्टी

सगळे छान छान बोलतायत म्हणून मी जरा मीठ टाकतो. दोन वर्षं एका ग्रुपमध्ये होतो, सोडला. आमच्याकडे 'शरीर मोकळं करणं' ह्या नावाखाली काय चालायचं तर गोलात बसवून प्रत्येकाला त्याची सगळ्यात वाईट आठवण सांगायला लावायची, मग ती शरीरातून 'काढायला' लावायची. रडलं की टाळ्या. नाही रडलं तर 'तू अजून बंद आहेस'. एका मुलीला तिथंच श्वास घेता येईना, हातपाय वाकडे झाले, तर सांगणारा म्हणतो येऊ दे, येऊ दे, अडवू नका. येऊ दे काय? तिला पुढचे दोन महिने झोप नव्हती.

दिग्दर्शक म्हणजे थेरपिस्ट नाही. नाटक करायला शिकवा ना. व्यायाम, आवाज, सगळं मान्य, मला आजही त्याचा उपयोग होतो. पण कुणी तुमच्या खाजगी जखमेत हात घालून त्याला ट्रेनिंग म्हणत असेल तर चपला घाला आणि निघा. ताई, तुमच्याकडे तसं आहे का ते आधी बघा.

---

संथ_वारा

समुपदेशन करते, पंधराएक वर्षं. इथं कुणाचं निदान करता येणार नाही आणि करूही नये, पण ठोक्यांबद्दल बोलते कारण तो मुद्दा महत्त्वाचा आहे आणि सुटतोय.

शरीराच्या आतलं जाणवणं, म्हणजे ठोके, श्वास, पोट, ह्याला एक वेगळी संवेदनाच धरतात. ते मोजायचा एक जुना प्रयोग आहे, १९८१ सालचा, रायनर शांड्री नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा. नाडीला हात न लावता ठरावीक सेकंद आपले ठोके मनातल्या मनात मोजायचे आणि यंत्रावरच्या आकड्याशी जुळवायचे. गंमत अशी की पुष्कळ लोक ठोके मोजतच नाहीत, अंदाज ठोकतात. म्हणजे शरीराकडे लक्ष असणं वेगळं आणि शरीर नीट वाचता येणं वेगळं. पॅनिक होऊन गेलेल्या माणसाचं लक्ष आधीच खूप असतं, पहारा बसवल्यासारखं. वाचन मात्र एकच, ठोका वाढला म्हणजे संकट. तालमीनं तुमचं लक्ष अजून धारदार केलं आणि अर्थ जुनाच राहिला, तर काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो. क्लायंटमध्ये मी हे बघितलंय.

पण त्याच तालमीत औषधही आहे. पॅनिकच्या उपचारात एक पद्धत असते, क्लायंटला मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, गोल गोल फिरवतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात, म्हणजे छाती धडधडते, चक्कर येते, आणि काहीही वाईट घडत नाही हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवलं जातं. तुमच्या वॉर्मअपमध्ये हे अर्धं होतंच असणार. फरक असा की उपचारात ते मोजून मापून, सोबत बसून करतात आणि नंतर त्यावर बोलतात. तालमीत ते बोलणं राहून जातं. तर तुम्ही स्वतः करा. धावून झालं, छाती उडतेय, तेव्हा तिथंच स्वतःला सांगा, हा धावल्याचा ठोका. रात्री आडवं पडल्यावर उशीवर कान दाबला गेला की ठोका ऐकू येतोच, तेव्हा, हा उशीचा ठोका. नाव बदलायचं. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, लोकांना गाणं किंवा भाषण करायच्या आधी 'मी शांत आहे' ऐवजी 'मी एक्सायटेड आहे' म्हणायला लावलं आणि त्यांचं काम जास्त चांगलं झालं. ठोके तेवढेच पडत होते बरं का, कमी झाले नव्हते.

हातपाय वाकडे होण्याचं वर कुणी लिहिलंय, तो बऱ्याचदा भराभर वरवरचे श्वास घेतल्याचा परिणाम असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या येतात, बोटं आखडतात. 'येऊ दे' म्हणणं हा अडाणीपणा होता. थांबवायचं, बसवायचं, श्वास सावकाश सोडायला सांगायचं, आणि नाही उतरलं किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टर.

तुम्हाला एवढंच, झोप पुन्हा मोडली, बाहेर जायचं टाळायला लागलात, रिकामेपण दोन आठवडे हटलं नाही, मरणाचे विचार आले, तर वाट न बघता आधीच्या डॉक्टरांना किंवा काउन्सेलरना फोन करा. आणि एरवीही त्यांना एकदा सांगून ठेवा की मी हे करतेय. त्यांना आवडेल ऐकायला, खरंच.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. एकेकाला उत्तर देते.

@मधलीसुट्टी, नाही, आमच्याकडे आठवणी विचारत नाहीत, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. @सांधेदुखी_नको, नी पॅड घेतले, आणि हो, मी हळदच घेत होते 🙈

@गोलातला_जुना, तुमच्या प्रश्नानं मी दोन दिवस अस्वस्थ होते. नाही, सीन झाल्यावर काहीच करत नाही, सीन झाला की बॅग उचलते आणि पळते कारण उशीर झालेला असतो. आणि अजून एक, वर लिहिलं नव्हतं. माझे पॅनिक अटॅक सुरू झाले तेव्हाच्या नोकरीत अगदी असंच व्हायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर. मी हे ग्रुपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनी रोल दिला तो सहज दिला, आणि मला वाटलं की मी नाही म्हटलं तर म्हणजे अजून बरी नाही झाले. करताना काही वाटत नाही असं लिहिलं ना, आता विचार केला तर तेव्हा पायच जाणवत नाहीत. बाकी सगळ्या व्यायामात जाणवतात.

---

गोलातला_जुना

पाय जाणवत नाहीत हेच मला हवं होतं ऐकायला, म्हणजे नको होतं. ताई, ते भारी होणं नाही. प्रेक्षकाला भारी दिसतं, पण माणूस तिथं नसतो. मी स्वतः असं दोन वर्षं केलंय, एका बापाचा रोल, कारण सांगत बसत नाही.

आमच्याकडे आता नियम आहे. सीन संपला की गोलातून बाहेर पाऊल टाकायचं, हातपाय झटकायचे, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि रोलमधली एक वस्तू, मग ती ओढणी असो नाहीतर फाइल, दुसऱ्याच्या हातात द्यायची. बॅगेत भरून घरी न्यायची नाही. पाच मिनिटं लागतात. उशीर झाला तर तालीम पाच मिनिटं आधी संपवतो. नवीन पोरं हसतात पहिल्यांदा, हसू देत.

आणि रोल बदलून मागा. कारण सांगायची गरज नाही. बोआलकडे तर पुढची पायरीच आहे, सीन मध्ये थांबवायचा आणि प्रेक्षकातल्या कुणीतरी येऊन त्या बाईच्या जागी उभं राहून वेगळं काही करून बघायचं. ते युरोपात हद्दपारीत होते तेव्हा लोक येऊन एकटेपणाबद्दल बोलायचे, तिथं समोर पोलीस नव्हता, तेव्हा त्यांनी म्हटलं की पोलीस डोक्यातच बसलाय. साहेबही बसतो. मधलीसुट्टींचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, तुमची स्वतःची गोष्ट तिथं उघडायची नाही. सीन फक्त सीन म्हणून फिरवायचा.

---

भर_चौकात

रोल नाकारणं म्हणजे बरी न होणं?? उलट आहे. मागच्या नोकरीत नाही म्हणता आलं असतं का?

---

कोपऱ्यातली_खुर्ची

उशिरा अपडेट देतेय, सॉरी, इयर एंडिंग होतं.

काउन्सेलरना फोन केला, दोन सेशन ठरली. ग्रुपमध्ये फक्त एवढंच म्हटलं की मला हा रोल नको, दुसरा द्या. कुणी काही विचारलं नाही, दिग्दर्शक वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, बरं, मग साहेब कर.

साहेब! मला हसूच आलं. पहिल्या दिवशी आवाजच निघेना, बोट रोखलं की खांदा वर जायचा. @भर_चौकात, मी खडूच्या फुल्या मारून घेतल्या. मग एकदा निघाला आवाज, पोटातून, एवढा मोठा की रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून भुंकायला लागला आणि सगळे फुटले हसून. समोर गुडघ्यांवर होती ती मुलगी एकवीस वर्षांची आहे. सीन संपल्यावर मी तिला हात देऊन उठवलं, झटकणं वगैरे आता आम्हीही करतो, मी फाइल तिच्या हातात दिली, तिनं तिची ओढणी माझ्या. दोघींनी नावं सांगितली.

रात्री ठोके अजून येतात ऐकू. उशी बदलून बघितली, पातळ घेतली, जरा कमी येतात.